सांध्याची रेघ

पातं पाण्यात बुचकळून काढलं, खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि मी हाक मारली, "फुसाए, इकडे ये! गेनसुकेनं पाठवलंय बघ!"

माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "दिवसाढवळ्या असलं अभद्र बोलू नका. पावसाळ्यात त्यांच्या अस्थी वेचायला तुम्हीच गेला होता ना?"

"गेलो होतो. मग ही रेघ कुणाची?"

सुऱ्यांसाठी जपानभर नावाजलेल्या आमच्या साकाईत सुरी एका हातची नसते. लोहार घडवतो, मी धार लावतो, मूठ तिसराच कुणी बसवतो. मऊ लोखंडावर कडक पोलादाची पट्टी सांधून पातं घडवायचं, ही इथली रीत. मी ते घासलं की लोखंड धुरकट होतं, पोलाद चकाकतं आणि दोघांच्या मध्ये सांध्याची रेघ उमटते. ती वाकडी असली म्हणून सुरी काही कमी कापत नाही. मासा तर तक्रार करायला येतच नाही. पण प्रत्येक लोहाराची रेघ निराळी असते आणि चालीवरून माणूस ओळखावा तसा मी रेघेवरून लोहार ओळखतो.

गेनसुकेची रेघ मुठीकडे येता येता जराशी वर उचलायची, पांघरुणाखाली कुणी गुडघा दुमडून निजावं तशी. माझं सारं आयुष्य ती रेघ घासण्यात गेलं. आता तो नव्हता. पाती त्याची मुलगी किनुए एकटीच घडवत होती आणि तिच्याही पात्यांत तो गुडघा जिथल्या तिथे होता.

"लेक बापावर गेली, एवढंच," फुसाए म्हणाली.

"नाक जाईल गं बापावर. ही रेघ घणाच्या ठोक्यातून येते. ठोका कसा जाईल?"

जाता जाता तिनं त्या पात्यावर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी हामागुची आला. आमच्या गल्लीतला बहुतेक माल हा घाऊक व्यापारी उचलतो. माणूस वाईट नाही, पण गोड बोलून मान कापावी ती त्यानंच. बसल्या बसल्या त्यानं वांग्याच्या लोणच्याची स्तुती केली, दोन फोडी खाल्ल्या आणि मग मुद्द्यावर आला.

"मिस्त्री, गेनसुके होते तोवर गिऱ्हाईक म्हणायचं, म्हाताऱ्याची खूण आहे. आता पात्यावर किनुएचं नाव कोरायचं तर ते म्हणतं, ही खोट आहे. वर मेलेल्या माणसाची रेघ, स्वयंपाकघरात नको म्हणतं."

"धारेत खोट दाखव, मी धंदा सोडतो."

"धार कोण बघतं हो दुकानात? डोळ्याला दिसतं ते विकलं जातं. तिला सांगा, एक पातं सरळ रेघेचं आणून दे. लगेच नाव कोरतो. नाही जमलं तर मी दुसरा लोहार बघितलाय."

आमच्याकडे नाव कोरलं गेल्याशिवाय लोहार हा लोहार नव्हे. हामागुचीनं पाठ फिरवली की किनुएची भट्टी विझणार आणि ती मासळीच्या कारखान्यात डबे भरायला जाणार, हे सगळ्या गल्लीला कळत होतं.

संध्याकाळी ती स्वतःच आली. पन्नाशीला टेकलेली बाई, दंड माझ्या मांडीएवढे, आणि दारात उभी राहिली ती परीक्षेत नापास झालेल्या पोरीसारखी.

"काका, दगडाची पूड चोळून ती रेघ झाकता येईल का हो?"

"डाग झाकता येतो. रेघ पात्याच्या आरपार असते, पोरी. गिऱ्हाइकानं दोनदा धार लावली की वर येईल."

"मी मुद्दाम नाही करत." तिचा आवाज खाली गेला. "रोज ठरवते, आज सरळ. पण तिथं आलं की हात वरच राहतो. कुणीतरी मनगट धरल्यासारखा."

"थकतेस तू."

"सकाळच्या पहिल्या पात्यालाही?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटली आणि त्या भीतीत कुठेतरी आनंदही होता. तो आनंद मी तिला दाखवला नाही.

सकाळी चहात शिजवलेली पेज घेतली आणि मी तिच्या भट्टीवर गेलो. ऐरणीच्या एका बाजूला गेनसुकेची जागा. सांडशी आणि लहान हातोडी घेऊन तो तिथं बसायचा आणि समोर उभी राहून किनुए घण मारायची. आता सांडशी डाव्या हातात आणि छोटा घण उजव्या हातात घेऊन ती एकटीच काम करत होती, पण उभी होती आपल्याच बाजूला. बापाचं बसायचं फळकूट रिकामं होतं आणि त्यावर जराही धूळ नव्हती.

तिनं लाल लोखंडावर सांधा धरायला टाकणखार भुरभुरला, पोलादाची पट्टी ठेवली, पुन्हा भट्टीत घातली. बाहेर काढून मारायला लागली. ठण, ठण, ठण. टोकाकडून मुठीकडे. आणि मुठीजवळ हात थांबला.

तेवढ्यात मी खोकला ऐकला.

कोरडा, छातीतून ओढलेला, शेवटी घसा खाकरणारा. फळकुटाच्या बाजूनं. मग ठण, आणि पातं पुरं झालं. हात थांबला तेवढ्या वेळात लोखंड निवलं होतं आणि मुठीजवळ पोलाद वर सरकलं होतं.

किनुए माझ्याकडे बघत होती. "तुम्हालाही ऐकू आलं?"

"आलं," मी म्हणालो. खोटं बोलायला जीभच वळेना.

तिनं घण खाली ठेवला. "मला वाटलं, मला वेड लागतंय. काका, मी पोरवयाची होते. पातं मुठीकडे आलं की धुरानं बाबांना खोकला यायचा, ते वाकायचे आणि आधाराला हात ऐरणीवर टेकायचे. एकदा मी थांबले नाही. त्यांच्या करंगळीचं पेर गेलं. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, चल, घण घे. तेव्हापासून त्यांचं खोकून झाल्याशिवाय मी मारलेलं नाही. आता कसं मारू? हात असला तिथं तर?"

गेनसुकेची करंगळी आखूड होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. विचारलं की तो म्हणायचा, मांजरानं खाल्ली. आणि मी त्याची म्हणून ओळखत आलो ती रेघ म्हणजे हिचं थांबणं होतं.

मी उठलो आणि त्याच्या फळकुटावर जाऊन बसलो. फळकूट उबदार होतं. भट्टी जवळ आहे, असं मी स्वतःला समजावलं.

"दुसरं घाल भट्टीत," मी म्हणालो. "आता नीट ऐक. त्याचा हात मी धरून बसतो. ऐरणीवर येऊ देत नाही. तू मार."

"काका..."

"मी धरलाय म्हटलं ना!"

मी मूठ पुढे करून हवेत आवळली. लोखंड पिवळं होऊन बाहेर आलं. ठण, ठण, ठण. मुठीजवळ तिचा हात वर गेला आणि खोकला सुरू झाला, इतका जवळ की माझा कान गरम झाला. माझ्या मुठीत काहीतरी ऐरणीकडे ओढ घेऊ लागलं. खरं की मनाचं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरली आणि बोंबललो, "मार, किनुए!"

तिनं डोळे मिटून मारलं. खोकला अर्ध्यावर तुटला आणि माझी मूठ एकदम हलकी झाली.

ते पातं मी त्याच दिवशी घासलं. पाण्यातून काढलं, उजेडात धरलं. रेघ टोकापासून मुठीपर्यंत सरळ गेलेली, साकाईतल्या कुठल्याही चांगल्या लोहाराची असावी तशी. हामागुची खूश झाला आणि किनुएचं नाव कोरलं गेलं. पहिली कोरलेली सुरी तिनं मला आणून दिली आणि वाकून नमस्कार केला. मला आनंद झाला. अगदी मनापासून झाला. रात्री फुसाएकडे पाठ करून मी रडलो, तेही मनापासूनच.

तिची पाती अजून येतात, सगळी सरळ. अडचण माझ्या हाताची आहे. मुठीजवळ आलो की बोटांचा दाब आपोआप सैल पडतो, उचललेल्या रेघेला सांभाळून घ्यायची त्यांना सवय. तिथं पातं कमी घासलं जातं, फिकट डाग राहतो आणि मला पुन्हा घासायला बसावं लागतं.

काल फुसाए चहा घेऊन आली. दगडावरून पाणी ओघळत होतं, पातं हातात तसंच होतं.

"काय हो, थांबलात का?"

"जरा दम धर," मी म्हणालो. "त्याचं खोकून होऊ दे."