नानांचं दुपटं

अडुसष्ट सालची गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर आली होती आणि असोद्याचे उखर्डूनाना कापसाने भरलेल्या गाडीवरून खाली पडले. गाडी उभीच होती, बैलही गरीब. नाना वर चढून कापूस तुडवत होते, पाय घसरला आणि सरळ बांधावरच्या दगडावर आले. मांडीचं हाड मोडलं. जळगावच्या दवाखान्यात कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी तीन महिने हलायचं नाही म्हणून बजावलं.

तीन महिने! ताईबाईला नवऱ्याच्या पायापेक्षा या तीन महिन्यांचीच धास्ती जास्त. नाना म्हणजे जेवतानाही अर्धं लक्ष गोठ्याकडे असलेला माणूस. पोरगा पुना आणि सून सुनंदा यांनी ओसरीवर खाटेवर फळ्या टाकल्या, त्यावर गादी घातली आणि नानांना तिथे निजवलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी ओसरीवरूनच शेत चालवलं. पुनाला पाणी कुठल्या वाफ्याला सोडायचं ते सांगायचं, तो परत आला की सोडलं का ते विचारायचं, आणि सोडलं म्हटलं तरी कसं सोडलं ते पुन्हा विचारायचं. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक बैलाच्या खुराची चौकशी झाली. पुना बिचारा मागच्या दाराने जाऊ-येऊ लागला.

मग हळूहळू नाना गप्प झाले. शेत त्यांच्यावाचून चाललं होतं, कापूस वेचून झाला होता, केळीला पाणी मिळत होतं. भिंतीकडे तोंड करून ते पडून राहायचे. ताट समोर आलं की अर्धी भाकरी मोडायची आणि ताट सरकवायचं. ताईबाईने शेवेची भाजी केली, पाटोड्यांची आमटी केली. नाना नुसते म्हणायचे, काम नाही तर भूक कशाची.

ताईबाईचं स्वतःचं मनही काही ठिकाणावर नव्हतं. तिच्या हातची दुपटी गल्लीत नावाजलेली. कुणाच्या घरी लेकरू यायचं असलं की जुनी मऊ लुगडी, धोतरं तिच्या दारात येऊन पडायची, आणि ती चार पदर एकावर एक घालून असे बारीक टाके टाकायची की बायका मुंगीच्या रांगेची उपमा द्यायच्या. पण मागच्या वर्षी तिची लेक कमल पहिल्या बाळंतपणाला धुळ्याहून माहेरी आली. मुलगा झाला. नऊ दिवस जगला. ताईबाईने महिनाभर खपून शिवलेलं दुपटं त्याच्याबरोबरच गेलं. तेव्हापासून तिने सुईला हात लावला नव्हता. चिंध्यांचं गाठोडं माळ्यावर टाकलं होतं. कुणी विचारलं तर डोळ्यांना दिसत नाही म्हणायची.

अशात कमलचं पत्र आलं. चौथीपर्यंत शिकलेल्या सुनंदाने ते ओसरीवर बसून वाचलं. कमलला पुन्हा दिवस गेले होते, मागच्या धास्तीने सातवा महिना लागेपर्यंत तिने कळवलं नव्हतं; संक्रांत झाली की ती येणार होती. पत्र ऐकताना नानांनी महिन्याभरात पहिल्यांदा भिंतीकडची मान वळवली. सुनंदाला त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग ताईबाईला म्हणाले की आता दुपटं शिवायला घे.

ताईबाईने नकार दिला आणि चुलीपाशी निघून गेली. नानांनी चार दिवस हेच लावून धरलं. पाचव्या दिवशी ती शेतात गेली असताना त्यांनी सुनंदाकडून माळ्यावरचं गाठोडं खाली काढून घेतलं. सुई-दोरा मागितला. सुनंदाला वाटलं, मामंजी सासूबाईंसाठी काढून ठेवताहेत. तिने दिलं आणि ती भाकरी थापायला गेली.

दुपारी ताईबाई परतली तेव्हा नाना पोटावर पांढऱ्या लुगड्याचे पदर पसरून, जीभ दातांत धरून टाके घालत होते. जन्मभर कापसाच्या गोण्या दाभणाने आणि सुतळीने शिवलेला हात तो. टाका बोटाएवढा लांब, एक वर तर एक खाली. ताईबाई दारातच थबकली. काढून टाका ते, म्हणून तिने कापड ओढलं. कापडाबरोबर अंगावरची चादर आली आणि चादरीबरोबर नानांचं धोतर. नानांनी तिन्ही एकत्र शिवली होती.

 त्यांनी धोतराचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाले, "हळू व माय, सून घरात हाये."

ताईबाईला हसू फुटलं. आधी तिने पदर तोंडाला लावला, मग ते आवरेना, ती खाटेच्या पायाशी बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. आतून सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली आणि तीही हसायला लागली. नाना आधी रागावल्यासारखे पाहत होते, मग त्यांचीही छाती हलू लागली. प्लास्टरमुळे हसणं दुखत होतं, तरी थांबेना. पोटावरची सगळी शिवण ताईबाईला वितीवितीने उसवावी लागली.

पण नानांनी हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून कापडाखाली पाट ठेवून शिवायला लागले. ताईबाई येता-जाता नजर टाकायची आणि तिचा जीव खालीवर व्हायचा. स्वयंपाकघरातूनच ती सांगायची की टाका लहान घ्या, दोरा ओढू नका, कापड चुरगळतं. सुईला हात मात्र लावत नव्हती.

शेजारचा जीवराम, नानांचा लहानपणापासूनचा सोबती, तंबाखू खायला ओसरीवर आला आणि ते पाहून गल्लीभर बोंबलत गेला की उखर्डूची बाई झाली. संध्याकाळी चार माणसं मुद्दाम पाहायला आली. नानांनी सुई खाली ठेवली नाही. त्यांनी जीवरामला एवढंच विचारलं, "गोनी शिवली त मानूस, आन नातवाचं दुपटं शिवलं त बाई. हे कोन ठरवलं रे?"  जीवराम खाली बसला आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं. त्यानंतर तो रोज दुपारी टोक धरायला येऊ लागला. शिवायला मात्र तयार झाला नाही.

मार्गशीर्ष सरत आला होता. पुनाने शेतातून भरताची वांगी आणली, हिरवी-पांढरी, वितीएवढी. ताईबाईने अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून ती भाजली, साल काढली आणि लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली. कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली आणि ताट घेऊन ती नानांपाशी बसली. पुना-सुनंदा आत जेवत होती. नानांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग खाली मान घालून भाकरी संपवली. दुसरी मागितली. तीही संपवली.

ताट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं की तू सुई का धरत नाहीस, डोळ्यांचं कारण मला सांगू नको.

ताईबाई बराच वेळ बांगड्या मागेपुढे करत राहिली. "मागच्या बारीले मीच शिवलं होतं ना," ती म्हणाली. "माह्या हाताले जस नही."

आपल्या हाताला यश नाही, हे तिने वर्षभरात कुणालाच सांगितलं नव्हतं. नानांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"तीस वर्सं झाली, तुह्या हातचं खाऊन राह्यलो मी," ते म्हणाले. "पुना खातो, गडी-मजूर खातात. या हाताले जस नसतं त आमी बठ्ठे जिते कसे?"

 ताईबाई ताट उचलून आत गेली. तिथे चुलीसमोर बसून ती रडली. सुनंदाने पाहिलं, पण शहाणी पोर, पाण्याला जायचं निमित्त करून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी जीवराम टोक धरायला आला तेव्हा त्याच्या जागी ताईबाई बसली होती. तिने नानांचे टाके उसवायला घेतले, पण नानांनी हात धरला. त्यांचा टाका राहील, तिने आतून शिवावं, असं ठरलं. काठाचे चार फेरे नानांचे आणि मधला चौकोन ताईबाईचा.

संक्रांतीनंतर कमल आली. एस. टी. तून उतरून गल्लीत शिरताना तिचा चेहरा ओढलेला होता. घर मागच्या वेळेसारखंच असेल, सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलतील, या भीतीने ती वाटभर गप्प होती. ओसरीवर पाहते तो बाप काठावर शिवतोय, आई मधल्या चौकोनात, आणि जीवरामकाका दोघांना टाके कुठे चुकले ते सांगताहेत. कमल पिशवी हातात तशीच धरून हसली. नानांनी तिला बसायला सांगितलं आणि कौतुकाने चादर-धोतराची हकीगत पहिल्यापासून सांगितली.

त्या घरात मागच्या बाळाचं नाव कुणी काढत नव्हतं. ते कमलनेच काढलं, दुपारी शिवता शिवता. त्याच्या कानावर किती केस होते, ती म्हणाली. ताईबाईची सुई थांबली. मग ती म्हणाली की केस होते आणि नाक अगदी पुनासारखं होतं. नाना म्हणाले की मूठ भारी घट्ट होती, बोट सोडत नव्हता. असं थोडं थोडं बोलत तिघांनी एक ओळ पुरी केली. त्यानंतर बोलायचं थांबलं नाही. कमल पोटभर जेवू लागली, बिनघोर झोपू लागली.

माघ लागता लागता नानांचं प्लास्टर निघालं. पाय बोटभर आखूड राहिला. काठी घेऊन ते आधी गोठ्यापर्यंत आणि आठवड्याने मळ्यापर्यंत गेले. पुना पुन्हा पुढच्या दाराने जाऊ-येऊ लागला, कारण आता कुठलंच दार सुरक्षित नव्हतं.

शिवरात्रीच्या आधी कमल जळगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट, आवाज खणखणीत. चौथ्या दिवशी दोघी घरी आल्या. नववा दिवस उजाडला तेव्हा ताईबाईने काहीच काम केलं नाही. बाळाजवळ बसून राहिली. नाना मळ्यात गेले नाहीत. ते उंबऱ्यावर बसले, पाठ आत, तोंड बाहेर. बाळाने दूध घेतलं, झोपलं, उठलं, पुन्हा दूध घेतलं. दिवे लागले. ताईबाई उठली आणि सुनंदाला म्हणाली, चल, बाळंतिणीसाठी बाजरीची भाकरी टाकू, तूप वाढ.

बारशाला धुळ्याची विहीण भिकुबाई आली. मोठी चिकित्सक बाई, वाणसामानातला खडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही. पाळण्यातलं दुपटं तिने उचललं, उजेडात नेलं, पालटून पाहिलं. मधला चौकोन पाहून मान डोलावली. काठावर बोट फिरवत विचारलं, "हाई कोनी शिवी?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ताईबाई पुढे होणार तेवढ्यात ओसरीवरून नानांनी सांगितलं की काठ त्यांचा आहे. भिकुबाईने पुन्हा एकदा ते लांबलचक टाके पाहिले. मग बाळाला त्यात गुंडाळून नानांच्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "टाका वाकडा शे, भाऊ, पन पक्का शे."

दुपारी वरण-बट्टीची पंगत बसली. अंगणात पत्रावळी मांडल्या, सुनंदा आणि पुना वाढत होते, जीवराम तूप वाटत होता आणि स्वतःच्या पत्रावळीवर जरा जास्तच वाटत होता. गल्ली जेवून उठली तेव्हा उन्हं उतरली होती. ताईबाई सगळ्यांत शेवटी बसली. नाना काठी टेकत आले, तिच्यासमोर पाट ओढून बसले, बट्टी कुस्करली, वरण ओतलं आणि तिला पुरे म्हणायला वेळ न देता त्यावर तुपाची धार धरली. ताईबाईने पहिला घास घेतला. आत कमल पाळणा हलवत होती आणि बाळ काही केल्या झोपायला तयार नव्हतं.