कुलपात ठेवलेला रेडिओ

आमच्या घरात नवीन वस्तू आली की ती आधी बाबांच्या ताब्यात जाते, मग आईच्या, आणि एवढ्यातून वाचलीच तर वापरात येते. बाबा म्हणजे प्रेमानंद मेश्राम. हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बावीस सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण बेसातल्या आमच्या तीन खोल्यांत त्यांची ड्युटी अजून चालूच आहे. गॅसपासून दोन हातांवर वाळूची बादली असते. जिन्याच्या पहिल्या पायरीला पिवळा पट्टा मारलेला आहे. मी स्कूटी काढली की फाटकापर्यंत येऊन माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघतात. मी सत्तावीस वर्षांची आहे आणि एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, पण बाबांच्या लेखी मला अजून रस्ताही ओलांडता येत नाही.

डिसेंबरात माझा भाऊ पियुष जर्मनीहून आला आणि एक स्टिरिओ घेऊन आला. दोन भारदस्त स्पीकर, मधे काळा डबा, त्यात डिजिटल रेडिओ. तो आठ दिवसांत परत गेला. स्टिरिओ मात्र एप्रिलपर्यंत खोक्यातच राहिला, कारण माहितीपत्रक जर्मन भाषेत होतं आणि ते शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम होता. वाचणार कोण? मी. मोबाइलचा कॅमेरा पानावर धरायचा, मोबाइल मोडकंतोडकं मराठी करून दाखवणार, आणि बाबा ते वहीत उतरवून घेणार. मूळ पत्रक चाळीस पानांचं होतं. बाबांच्या वहीची साठ पानं भरली.

एका पानावर नुसतं चित्र होतं, चौकोनात चौकोन. मोबाइलला चित्र वाचता येईना. बाबांनी विचार करून निकाल दिला की खोकं आणखी एका खोक्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानातून बिस्किटांचं रिकामं खोकं मागून आणलं आणि स्टिरिओचं खोकं त्यात घालून माळ्यावर चढवलं. असं आमचं एकंदर चाललं होतं.

एप्रिलमध्ये घाई झाली ती आईमुळे. आई, म्हणजे सिंधूताई, आमच्या विहारातल्या महिला मंडळात गाते. मंडळाची गाणी कौशल्यामावशी रचते, चाल लावते, आणि आवाज असतो आईचा. मार्चमध्ये मंडळाला आकाशवाणीचं बोलावणं आलं. बायका एकसारख्या पांढऱ्या साड्या नेसून गेल्या आणि ध्वनिमुद्रण करून आल्या. रेडिओवर साड्या दिसत नाहीत हे त्यांना तिथं पोचल्यावर आठवलं. जयंतीच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी साडेअकराला कार्यक्रम लागणार होता.

हे कळलं त्याच संध्याकाळी आईनं बाबांसमोर चहा ठेवला आणि सरळ सांगितलं, "सव्वीस वर्षं झाली मले गाऊन, तुम्ही एकदाही आयकलं नाही. या वेळेस आयका."

ते खरंच होतं. दर जयंतीला आमच्या वस्तीत मंडप पडतो. आई स्टेजवर, आणि बाबा स्टेजच्या मागं, जनरेटरपाशी. खूप वर्षांपूर्वी कोणत्याशा मंडपात एका गाणाऱ्या माणसाला माइकचा झटका बसला होता, तेव्हापासून आमच्या मंडपाच्या सगळ्या वायरी बाबांनी आपल्या अंगावर घेतल्या. गाणं सुरू झालं की ते मागं जाणार आणि आई स्टेजवरून उतरली की पुढं येणार. मधल्या वेळात त्यांच्या कानात नुसती जनरेटरची घरघर. घरी आई त्यांच्यासमोर गात नाही. एकदा गायली होती तर बाबा मधेच उठून पंख्याचा आवाज तपासायला गेले, तेव्हापासून तिनं ते खातंच बंद केलं.

तर बाबांनी त्या दिवशी चहा संपवला आणि म्हणाले, आयकतो. मोबाइलवर नाही, डबीतल्या आवाजात नाही, पोरानं आणलेल्या मोठ्या सेटवर, समोर बसून. बाबा शब्द देतात तेव्हा पाळतात. अडचण फक्त एवढी की ते नियमही पाळतात.

स्टिरिओ खाली उतरला. भिंतीपासून चार बोटं जागा सुटली पाहिजे म्हणून बाबांनी खरोखर चार बोटं लावून बघितली. खिडकीत कूलर होता, त्याचा ओला वारा यंत्रावर नको म्हणून टेबल दुसऱ्या भिंतीला गेलं आणि आमचा दिवाण दारात आला, तो अजून तिथंच आहे. मी अंघोळ करून बाहेर आले तोवर आईनं काळ्या डब्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि रुमालावर पाणी भरलेली फुलदाणी. आमच्याकडे फ्रिजला रुमाल आहे, मिक्सरला झगा आहे. बाबांनी ते बघितलं आणि वही उघडून पान सतरा मोठ्यानं वाचलं: हवेची छिद्रं झाकू नयेत, पाण्याचं भांडं वर ठेवू नये. आईचं म्हणणं पडलं की उघडाबोडका बरा दिसत नाही. शेवटी रुमाल टेबलावर अंथरायचा, डबा त्याच्यावर, आणि फुलदाणी टीव्हीकडे, असा तह झाला.

शनिवारी संध्याकाळी सेट लागला. बाबांनी डिजिटल रेडिओचं बटण दाबलं. यंत्रानं बराच वेळ शोधाशोध केली आणि पडद्यावर आकडा दाखवला: शून्य. आईचा जीव खालीवर. मी पियुषला फोन लावला, तेव्हा तो हसत सुटला. त्यानं सांगितलं की तिकडचा डिजिटल वेगळ्या पद्धतीचा, आपल्याकडे तो चालायचा नाही. सेट घराच्या वायफायला जोडा, इंटरनेटवरून आकाशवाणी लागेल. हे त्यानं डिसेंबरात सांगितलं असतं तर माझी साठ पानं वाचली असती. जोडलं, आणि आकाशवाणी खणखणीत लागली. आईनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. बाबाही चक्क हसले.

आणि तेवढ्यात भिंतीवरच्या प्लगमधून चर्र असा आवाज आला आणि निळी ठिणगी दिसली.

मी बटण बंद करायच्या आत बाबांनी बंद केलं. तिकडच्या प्लगच्या दांड्या बारीक, आपल्या भोकांत त्या डगमगत होत्या. इथवर बाबांचं सगळं बरोबर होतं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की प्लगला तिसरी दांडीच नाही, म्हणजे अर्थिंग नाही. आत गेले आणि लोखंडी कपाटातून एक लाल प्लास्टिकची डबी घेऊन आले. कारखान्यात मशीन दुरुस्तीला काढली की तिच्या प्लगवर ही डबी चढवून कुलूप लावतात, म्हणजे कुणी चुकून ती चालू करून आतल्या माणसाचा हात घालवू नये. किल्ली एकच असते, आणि ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. बाबांनी डबी चढवली, कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या खिशात टाकली.

रविवारी सकाळी दहाला अडॅप्टर आणि अर्थिंगची वायर आणायला बाबा आणि मी स्कूटीवर बर्डीच्या बाजारात निघालो. आईनं दारात इतकंच विचारलं की अकरापर्यंत येता ना. बाबा म्हणाले, सव्वाअकराच्या आत. मीही म्हटलं, हो. आई पायरीवर उभी होती आणि मागं चिवड्याची परात भरून ठेवली होती. मंडळाच्या सगळ्या बायका ऐकायला येणार होत्या.

दुर्गेशचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान सीताबर्डीत एका गल्लीत आहे. त्यानं प्लग नुसता ऐकूनच ओळखला आणि घट्ट बसणारा चांगला अडॅप्टर काढून दिला. तीन मिनिटांचं काम. बाबांनी अडॅप्टर ठेवून घेतला आणि अर्थिंगची वायर मागितली. दुर्गेश म्हणाला, लागत नाही. बाबा म्हणाले, बिनाअर्थिंगचं यंत्र म्हणजे बिनाब्रेकचा ट्रक. दुर्गेश म्हणाला, काका, या सेटले अर्थिंग लावायची जागाच नाही. बाबांनी वही काढली. मग दोघं अशा काही वादात शिरले की मधे दोन गिऱ्हाइकं आली, कंटाळली आणि गेली.

दहा पन्नासला आईचा फोन आला. बायका आल्या होत्या, कुठं आहात. मी म्हटलं निघतोच आहोत. बाबांच्या बाहीला मी तीनदा ओढलं. ते म्हणाले, थांब ना वं, सुरक्षेत घाई नसते. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की किल्ली खिशातून काढून एकटीच घरी जावं असं वाटलं. पण बनियनचा खिसा तो, शर्टाच्या आत.

शेवटी दुर्गेशनं दुसऱ्या एका यंत्राचं पाठचं लेबल बाबांसमोर धरलं. तिथंही तेच चित्र, चौकोनात चौकोन. "काका, याचा अर्थ आतून दुहेरी कवच हाय. करंट बाहेर येऊच शकत नाही. म्हणून तिसरी दांडी नाही देत."

मी म्हटलं, आणि आम्ही चार महिने खोकं खोक्यात ठेवलं. दुर्गेशनं तोंडावर रुमाल धरला. बाबांनी वही मिटली आणि वेळ विचारली.

अकरा पंचवीस झाले होते.

बर्डीहून बेसा रविवारी कितीही धावलं तरी अर्धा तास. बाबांचं तोंड उतरलं. मी मोबाइल काढला तर तो बंद पडला होता. सकाळपासून अर्थिंगचं पान शोधायला त्याच पत्रकावर धरून त्याची बॅटरी संपवली होती. बाबांचा फोन नुसता बटणांचा. ते काउंटरला टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मी तिले शब्द देल्ला होता वं."

इतका वेळ राग धरून होते, तो एका वाक्यात गेला. मी दुर्गेशला म्हटलं, दादा, आकाशवाणी लावता का, माझी आई गाते आहे. त्यानं कारण विचारलं नाही. शोकेसमधला सगळ्यात मोठा सेट लावला, पंखा बंद केला, आणि शेजारच्या टपरीवाल्याला ओरडून त्याचं गाणं थांबवायला लावलं.

निवेदिकेनं मंडळाचं नाव घेतलं. ढोलकी वाजली. बाबा सवयीनं सेटच्या मागं गेले, वायर चाचपायला. तेवढ्यात आईचा आवाज आला.

कौशल्यामावशीचं गाणं होतं, पाटी घेऊन नाला ओलांडणाऱ्या एका मुलीचं. मी ते घरात शंभरदा ऐकलंय, भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना. पण भर बर्डीत, भिंतभर स्पीकरांतून येणारा तो आवाज माझ्या आईचा आहे हे मलाही पटेना. बाबांचा हात वायरवर तसाच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि सेटच्या मागून पुढं आले. दुर्गेशनं स्टूल सरकवलं, ते बसले नाहीत. हात बांधून, मान थोडी खाली घालून सगळं गाणं उभ्यानं ऐकलं. दुसऱ्या कडव्यात आई एकटी आहे, तिथं त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मी तर केव्हाची रडत होते.

गाणं संपल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, बराच वेळ बटणं शोधली आणि आईला लावला. तिकडं बायकांचा नुसता गलका चालला होता. त्या सगळ्यांनी कौशल्यामावशीच्या मोबाइलवर ऐकलं होतं.

"आयकलं," बाबा म्हणाले. "दुकानात. पुरं आयकलं." मग म्हणाले, "सिंधू, इतके वर्षं मी मागं उभा राहून काहीच आयकलं नाही वं. जनरेटरच आयकत राहिलो."

फोनवर बायकांचा आवाज लांब गेला, म्हणजे ती उठून स्वयंपाकघरात आली असणार.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "म्हणून तं मी एवढ्या जोरानं म्हणत होती. जनरेटरच्या वरतून तुमच्यापर्यंत यावं म्हणून."

बाबांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. दुर्गेशनं पंखा लावला नाही.