बटण धरून ठेव

दादाचा फोन आला तेव्हा बुटकीच्या डोळ्याला भिंग होतं आणि चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग. घड्याळं दुरुस्त करताना काम अर्धवट टाकून फोन घ्यायचा नाही, हा तिचाच नियम. पण परवा दादाच्या डोक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. नियम गेले खड्ड्यात.

"बुटके, तो खेळ आहे का गं अजून? राखेच्या राजाचा?"

स्प्रिंग टुणकन उडाली, ती कुठे गेली देव जाणे.

"असेल की कपाटात. का रे?"

"उद्या घेऊन ये. आत माझा डाव असेल ना जपलेला?"

"असेल," ती म्हणाली. तिने फोन ठेवला. बेचाळीस वर्षांची बाई, दुकानाची मालकीण, गिऱ्हाइकांना दम देणारी! आणि घाबरली ती अगदी नऊ वर्षांच्या पोरीसारखी. कारण कॅसेटमधला तो डाव दादाचा नव्हताच. आणि हे जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. तो टीव्हीला यंत्र जोडून, त्यात कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम होता; त्यात चौघांची एक टोळी. गावोगाव हिंडायचं, राक्षसांशी लढायचं, ताकद वाढवायची आणि शेवटी राखेच्या राजाला गाठायचं. दादाने चौघांना घरच्यांचीच नावं दिली होती: स्वतः पुढे, मग आई, मग बाबा, आणि शेपटाला बुटकी. कुणी लढाईत मेलं की त्याची छोटी पेटी व्हायची आणि ती पेटी रांगेत मागून फरफटत यायची. गावातल्या म्हातारीकडे नेलं की मेलेलं माणूस परत उठायचं. दादा खेळून खेळून एकतिसाव्या पायरीला पोचला होता. राजा तेवढा राहिला होता.

आणि दादाला मेंदूज्वर झाला. बारा वर्षांचा होता. गाडीत घालून नेताना त्याने बुटकीचा हात धरला आणि तापातच म्हणाला, "माझा डाव सांभाळ. तो आहे तोवर मी आहे."

पोराने काहीतरी बडबडावं आणि पोरीने ते काळजावर कोरून घ्यावं! दुसऱ्याच दिवशी, डाव शाबूत आहे ना, एवढं बघायला तिने खेळ लावला. जपलेल्या डावांच्या यादीत एकतीसचा आकडा होता. जिवात जीव आला. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी जेवायला हाक मारली आणि बुटकीने खटकन वीज बंद केली.

इथेच घात झाला. त्या यंत्राची एक खोड होती. वीज बंद करताना आधी रिसेटचं बटण दाबायचं आणि दाबून धरूनच वीज घालवायची. नाहीतर आतली आठवण पुसली जायची. दादाने हजारदा बजावलं होतं, "बटण धर गं, बटण!" जेवून आल्यावर तिने परत लावलं, तर यादी रिकामी.

आपण दादाला मारलं, असंच तिला वाटलं. सांगणार कुणाला? आई दवाखान्यात, बाबा कामावर. तिने कुणाला काही सांगितलं नाही. सुट्टी होती. रोज दुपारी दार लावून ती पहिल्या गावापासून खेळत बसली. बोटांना फोड आले. रडत खेळली, घाबरत खेळली, आणि एकोणिसाव्या दिवशी यादीत पुन्हा एकतीसचा आकडा उमटला. तिसाव्या नाही, बत्तिसाव्या नाही, बरोब्बर एकतिसाव्या पायरीवर थांबली. दोन दिवसांनी दादा घरी आला. त्याने खेळ लावला, बराच वेळ बघत राहिला, आणि बटण धरून बंद केला. पुन्हा कधी खेळलाच नाही. मोठा झाला, शाळेत भूगोलाचा मास्तर झाला. बुटकीला आपलं वाटत राहिलं की सुटलो बाबा.

आणि आता तेहेतीस वर्षांनी हा फोन.

तिने दुकानाचं दार ओढून घेतलं, कपाटातून यंत्र काढलं आणि कॅसेट उघडली. आठवण जपायला आत रुपयाएवढा एक सेल असतो. मीटर लावला. तीन व्होल्टच्या जागी दोन पूर्णांक एक.  दोनच्या खाली उतरला की संपलं, आणि तो तर काठावर बसला होता. सेल नुसता काढला तर यादी त्याच क्षणी रिकामी. म्हणजे आधी बाहेरून दोन तारांनी दुसरा सेल जोडायचा, त्याच्या जोरावर आठवण तगवायची, मग जुना उपटायचा आणि नवा चिकटवायचा. एक तार सुटली की सगळं मुसळ केरात.

असली कामं ती झोपेतही करायची. पण त्या दिवशी डाख द्यायची सोल्डरची गन तिने दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. "अगं भवाने, यंत्र आहे ते, दादा नाही," ती स्वतःलाच ओरडली. उपयोग शून्य. तारा जोडल्या. श्वास रोखून जुना सेल उचलला. नवा बसवला. मग दुकानातल्या छोट्या टीव्हीला यंत्र जोडून लावलं, एक डोळा मिटून.

एकतीस.

ती स्टुलावर मटकन बसली आणि हुंदके देऊन रडली. मग बटण धरून बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टीव्हीसकट दवाखान्यात हजर. वहिनी डॉक्टरांच्या खोलीत सह्या करायला गेली होती. दादाचं डोकं भादरलेलं, कानामागे शाईच्या खुणा. बुटकीने टीव्ही खाली ठेवला आणि ती म्हणाली, "काय हे, सोललेल्या नारळासारखा दिसतोस!"

"लाव आधी," तो म्हणाला.

खेळ लागला. तेच कर्कश संगीत. चौघं रांगेत उभे राहिले: दादा, आई, बाबा, बुटकी. दादाने त्यांना दोन पावलं चालवलं आणि थांबवलं.

"तू चालतेयस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ताप यायच्या आदल्या दिवशी आपलं भांडण झालं होतं, आठवतं? तू माझी वही भिजवलीस. मी रागाने तुला एकटीला राक्षसापुढे उभं करून मारलं, आणि मुद्दाम म्हातारीकडे नेलं नाही. माझ्या डावात तू पेटी होतीस, बुटके. घरी येऊन बघतो तर तू धडधाकट चालतेयस."

बुटकी पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली. यादीत फक्त आकडा दिसायचा. पेटीचं तिला काय ठाऊक! "म्हणजे तुला तेव्हाच..."

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस रे मेल्या? तेहेतीस वर्षं मी जीव मुठीत धरून..."

"माझीही तंतरली होती ना. मीच म्हणालो होतो, डाव आहे तोवर मी आहे. आणि डाव तर गेलेला! रोज सकाळी उठून हातपाय हलवून बघायचो. महिनाभर. मग कळलं, डाव मेला तरी आपण काही मरत नाही."

ती हसली, रडली, दोन्ही एकदम झालं. "म्हणजे उद्याही काही होणार नाही, हेच सांगायला बोलावलंस ना?"

दादाने खेळाचा दांडा गादीवर ठेवला. मग म्हणाला, "नाही गं. जगेन, असं डॉक्टर म्हणतात. पण गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलीय. नावं जातील, शब्द जातील. किती, ते त्यांनाही माहीत नाही. मी मास्तर माणूस, बडबडीवर जगलो. मला फार भीती वाटतेय." त्याने तिचा हात धरला, गाडीत धरला होता तसाच. "तुझ्या वहिनीला धीर धरवणार नाही, ती माझ्यात सारखा जुना मीच शोधत बसेल. तू पहिल्या गावापासून सगळं परत उभं केलं होतंस. एकटीने. लागलं तर पुन्हा करशील?"

बुटकीला खूप काही बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, "करीन."

ऑपरेशन सहा तास चाललं. दादा वाचला. पाचव्या दिवशी बुटकी आत गेली तेव्हा त्याने तिच्याकडे बघितलं, ओळखीचं हसला, तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. पुन्हा उघडलं. "ती... ती..." कपाळावर घाम आला. दाराशी वहिनीने तोंडाला पदर लावला. बुटकीने मनात हिशेब केला. एकोणीस दिवसांचं काम नव्हतं हे. वर्षं लागतील, आणि इथे तर एकतीसचा आकडाही नाही कुठे गाठायला.

पण शब्द दिला होता. तिने बरोबर आणलेला टीव्ही आणि खेळ लावला. यादीतला एकतीसवाला डाव तसाच ठेवला आणि खालच्या रिकाम्या जागी नवा डाव उघडला. नावं तिनेच भरली, मोठ्याने म्हणत: दादा, आई, बाबा, बुटकी. यंत्राचा दांडा त्याच्या हातात दिला.

"चल दादा, पहिलं गाव."

तासभर त्याने चौघांना विहिरीभोवतीच गरागरा फिरवलं. एकदाही गावाबाहेर पडला नाही. ती घाबरून घाबरून बोलत राहिली, "ही विहीर, हे दार, ही म्हातारी," आणि तो ओठ हलवत राहिला. नर्स येऊन म्हणाली, "पुरे आता, दमतील ते." बुटकीने डाव जपला आणि डोळे पुसत वीज बंद करायला हात पुढे केला. डोळ्यांत पाणी होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, बटणाची आठवण तिला राहिलीच नाही.

तिच्या हाताआधी दादाचा हात आला. अंगठा रिसेटवर टेकला, दाबला आणि दाबूनच राहिला. त्याने तिच्याकडे रागाने बघितलं, बारा वर्षांचा असताना बघायचा तसं.

मग बुटकीने वीज बंद केली.