वर बघ

मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्च्या चारच होत्या आणि माणसे पाच, म्हणून ठकी उभी राहिली. ठकी म्हणजे माझी नात. सून गेल्यापासून घरात ती, माझा मुलगा आणि मी एवढेच. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने वर्गातल्या एका मुलीला मारले होते. तिला शाळेत ठेवायचे की दाखला हाती द्यायचा, हे आज ठरणार होते.

समुपदेशक बाईंचे निदान तयार होते. मुलगी रोज गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळते, तोच तिच्या हातात उतरला. घरच्यांनी हे मान्य करून खेळ बंद केला, तर शाळा एक संधी देईल. मुलाने लगेच मान डोलावली. आपण ओरडून थकलो, असेही सांगितले. नात शाळेत राहत असेल, तर कारण कोणते का लिहीनात, असा विचार मी केला होता.

मग बाईंनी मार खाल्लेल्या मुलीचे म्हणणे सांगितले. ठकीने डाव्या हाताने तिची हनुवटी धरली आणि प्रत्येक फटक्याआधी ती शांतपणे म्हणाली, "वर बघ. माझ्याकडे बघायचं."

शेजारची खुर्ची करकरली. मुलाने मांडीवरचा डावा हात उजव्याखाली घेतला.

ते वाक्य मी वर्षभर भिंतीपलीकडून, ठकीच्या खोलीतून ऐकत होतो. आणि तो खेळही मला ठाऊक होता, कारण संध्याकाळी ठकी मला तो शिकवायची. त्यात माणसे दुरूनच पडतात. कुणी कुणाची हनुवटी धरत नाही. मी तर सुरुवातीलाच गारद होत असे. "आजोबा, मेलात पुन्हा. निदान भिंतीआड तरी लपत जा," ती म्हणायची.

मी विचारले, "ठके, हे वाक्य त्या खेळात आहे का गं?"

तिने आधी बापाकडे पाहिले, मग माझ्याकडे. इथून तिला आम्हा दोघांबरोबरच घरी जायचे होते. प्रश्न विचारताना मी ते ध्यानात घेतले नव्हते, तिने घेतले.

"आहे," ती म्हणाली. "तुम्ही तिथपर्यंत टिकलात कुठे कधी?"

बाई हसल्या. संधी मिळाली.

संध्याकाळी मुलाने गेमचे यंत्र हेडफोनसकट माळ्यावर टाकले. हेडफोन गेल्यावर त्याची पावले आता ठकीलाही माझ्याइतकीच स्पष्ट ऐकू येणार होती. ती तिच्या खोलीत शिरली, तिच्यामागे मुलगा शिरला, तसा मी उठलो आणि पहिल्यांदाच भिंतीच्या त्या बाजूला गेलो.

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका," मुलगा म्हणाला. "दोष कशाचा, ते शाळेत ठरलंय. तुमच्यासमोर ठरलंय."

ठकीने मान वर केली नाही. "जा आजोबा. तुम्ही लगेच मरता."

मी मुलाच्या बाजूने आत जाऊन तिच्या खाटेवर बसलो. दार मुलाच्या पाठीमागे होते.