काट्यांवर भरवसा

"डोळे मिटा," मास्तर म्हणाले. "आणि विमान सरळ ठेवा. अंगाला वाटेल तसं."

धाकटीने डोळे मिटले. विमान तिच्या हातात होतं आणि ते सरळ चाललं आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पाठ, मांड्या, कान, सगळे तेच सांगत होते.

"उघडा."

विमान डाव्या अंगावर कलंडलं होतं आणि खालची शेतं तिरपी होऊन वर येत होती. मास्तरांनी एका हाताने ते सावरलं.

"ढगात डोळे उघडे असूनही हेच होतं. अंग बेमालूम खोटं बोलतं आणि आपण त्याचं ऐकतो. तिथे फक्त समोरच्या तबकड्यांमधल्या काट्यांवर भरवसा ठेवायचा. अंगवळणी पडायला वेळ लागतो. शिकायचं का, ते तुम्ही ठरवा."

धाकटीचं चष्म्यांचं दुकान होतं, दादाचं फरशांचं. जुनं चार जणांचं विमान दोघांनी मिळून घेतलं होतं. परवाना दोघांकडेही होता, पण जमीन डोळ्यांना दिसत असेपर्यंतच उडण्याचा. ढगात शिरायचं तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, नुसत्या काट्यांवर उडण्याचा वेगळा परवाना हवा, म्हणजे वर्षभराचे धडे आणि दर रविवारी विमान अडकलेलं. दादाला विचारल्याशिवाय ते होण्यासारखं नव्हतं.

तिने विचारलं तेव्हा तो हँगरमध्ये विमानाच्या पंखाला दोरी बांधत होता.

"कशाला नसती उठाठेव?" तो म्हणाला. "ढग आले की घरी बसायचं. संपलं."

"आणि वर असताना आले तर?"

"मागे वळायचं. तू पण ना, साप दिसायच्या आधीच काठी शोधत बसतेस." तो हसला. पण बांधून झालेली दोरी त्याने सोडली आणि पुन्हा बांधली.

धाकटीने विषय वाढवला नाही. खरं तर तिलाही घरी बसणंच बरं वाटत होतं. मास्तरांच्या त्या धड्यापासून केस धुताना डोळे मिटले की तिचा हात आपोआप भिंतीकडे जायचा.

आठवड्याने वहिनी दुकानात आली. आरशासमोर बसून तिने एकामागून एक फ्रेम लावून बघितली.

"वन्सं, ही कशी दिसते?"

"गणिताच्या बाईंसारखी."

"मग नको. तुमचा भाऊ आधीच मला घाबरून असतो." वहिनीने दुसरी उचलली. "खरं सांगू, दूरचं मला हल्ली नीट दिसतच नाही. विमानाने डोंगरापलीकडून येताना बाहेर नुसतं पांढरं होतं, तेव्हा आधी वाटलं माझाच चष्मा धुरकट झालाय. कापूस पिंजून ठेवल्यासारखं. छान वाटलं."

धाकटीच्या हातातलं काच पुसायचं फडकं थांबलं.

"कधी?"

"थंडीत. ह्यांनी सांगितलं नाही? एरवी मला म्हणतात, जरा श्वास घे. त्या दिवशी म्हणाले, बोलत राहा, थांबू नकोस. मी आपली पडद्यांची मापं सांगत बसले. उतरलो तर ह्यांचा शर्ट पिळून काढावा इतका ओला. मी म्हटलं, एकदा डॉक्टरांना दाखवा." तिने आरशात मान तिरकी केली. "ह्या रविवारी परत जायचंय. हवा कशी असेल विचारलं, तर म्हणतात, आता ढगांचं काही वाटत नाही."

वहिनी गेल्यावर धाकटीने मास्तरांना फोन लावला.

रविवारी सकाळी ती दादाच्या आधी हँगरमध्ये पोचली. मास्तर आलेलेच होते. डोंगराचा माथा पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला होता. दादाची गाडी आली. शेजारी वहिनी, मागच्या सीटवर बॅग.

"आज विमान मला हवंय," धाकटी म्हणाली. "मास्तरांकडे सुरुवात करतेय."

"आम्हाला जायचंय."

"माहीत आहे."

तो भडकेल असं तिला वाटलं होतं. तो डोंगराकडे बघत राहिला. मग त्याने वहिनीला कँटीनमध्ये बसायला सांगितलं आणि मास्तरांना विचारलं, "मी मागे बसलो तर चालेल?"

"बसा," मास्तर म्हणाले. "दोघांनाही सांगतो, आत गेल्यावर मान वळवायची नाही. मान वळली की डोकं गरगरतं."

मास्तरांनी नियंत्रण कक्षाची परवानगी घेतली आणि ते वर गेले. थोड्याच वेळात पंखांची टोकं गेली, मग पंख गेले. कापूस वगैरे काही नव्हता. काचेला भिंत येऊन चिकटली होती.

विमान उजवीकडे वळतंय, असं धाकटीचं सगळं अंग सांगू लागलं. काटे सांगत होते, सरळ आहे. तिचं मनगट डावीकडे ओढ घेत होतं.

"काटे," मास्तर म्हणाले.

तिच्या सीटच्या पाठीला मागून एक हात येऊन टेकला.

"छोटे," दादा म्हणाला. लहानपणानंतर त्याने तिला अशी हाक मारली नव्हती. "त्या दिवशी मी बाहेर कसा आलो, मला माहीत नाही."

मास्तरांनी धाकटीला बोटाने काटे दाखवले.

"मी काही केलंच नाही गं. काय करायचं तेच कळत नव्हतं. एकदम खाली झाडं दिसली. पानं दिसत होती. आणि तुझ्या वहिनीला वाटलं, आपण उतरतोय."

धाकटीची मान मागे वळायला निघाली होती. तिने ती तिथेच आवरली. तबकडीतली क्षितिज दाखवणारी रेघ तेवढ्यात कलली होती. तिने ती हळूहळू जागेवर आणली. समोरचं पांढरं आणखी दाट, करडं होत चाललं होतं.