यंत्राच्या तोंडात नारळ

बोईसरच्या कारखान्यात मासळीचा क्रेट मोडला आणि दोष नॅनोट्यूबवर गेला. हेमांगीला नॅनोट्यूबचीच दया आली. बिचाऱ्यांना उलट बोलता येत नाही.

कार्बनच्या त्या नळ्या केसाहूनही कितीतरी बारीक. प्लास्टिकमध्ये चिमूटभर, पण नीट पसरल्या तर बर्फाने भरलेला क्रेट बोटीवरून फेकला तरी त्याला काही होत नाही. त्या नीट पसराव्यात म्हणून हेमांगीने वर्षभर डोकं खपवलं होतं. आज सातपाटीच्या मच्छीमारांकडून जमनामावशी क्रेट पारखायला येणार होत्या. त्या नको म्हणाल्या, तर कारखान्याचे मालक ललितशेठ हे काम कायमचं बंद करणार होते.

आणि सकाळीच शेठनी नारळ फोडला. फोडायला कुणाची ना नव्हती. पण जमिनीवर फोडला की आशीर्वाद जमिनीला जातो, असं म्हणत त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं आणि प्लास्टिकचे काळे दाणे ओततात त्या तोंडाच्या कडेवर नारळ आपटला. पाणी सगळं आत. हेमांगी धावली. ओल्या दाण्यांचा क्रेट पोकळ निघेल, माल काढून टाकू, म्हणाली. शेठ म्हणाले, तीर्थ टाकत नाहीत.

तीर्थाची वाफ झाली, वाफेचे बुडबुडे झाले, आणि पालथ्या क्रेटवर चढलेल्या जमनामावशी पुढच्या क्षणी क्रेटच्या आत उभ्या होत्या.

या परदेशी नळ्यांना इथली हवा मानवत नाही, असं शेठनी जाहीर केलं.

हेमांगीचं टाळकं सरकलं. "हवा? शेठ, तुम्ही यंत्राला नारळपाणी पाजलंत."

मावशींनी पाय सोडवून घेतला. "आमी पुनवेला दर्याला नारळ देतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्याला पान्याची सवय हाय. तुमच्या मशिनला नाय."

हेमांगीने यंत्र रिकामं केलं, कोरडे दाणे भरले आणि क्रेट निघेपर्यंत स्वतः झाकणावर बसून राहिली. शेठच्या पिशवीत दुसरा नारळ होता.

नवा क्रेट गार झाला. मावशींनी पिशवीतून तो नारळ काढला आणि होत्या नव्हत्या ताकदीने क्रेटवर आपटला. नारळाची शकलं उडाली. क्रेटवर ओरखडाही नव्हता.

"हेच द्या," मावशी म्हणाल्या.

शेठनी खोबऱ्याचा तुकडा उचलला. "बघितलंस? शेवटी नारळच कामी आला."

हेमांगीने तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्याकडे बघत, सावकाश, सगळा खाल्ला.