भिंतीचं रुंद तोंड

आमच्या आणि नाडगौडाच्या घरामधली भिंत मीठ एकाच दिशेनं जाऊ देते. त्याच्याकडे. आमटी ताटात वाढेपर्यंत अळणी होते. घट्ट झाकणाची बरणीसुद्धा सकाळी रिकामी सापडते.

नाडगौडा आणि मी प्रयोगशाळेत हेच काम करतो, मग मला संशय येणार नाही तर काय! प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याला आम्ही डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पाडतो. एका बाजूला रुंद तोंड, दुसऱ्या बाजूला निमुळतं. मिठाचे आयन रुंद तोंडातून शिरतात, परत फिरत नाहीत. दोन्ही बाजू दिसायला सारख्याच, म्हणून आम्ही पापुद्र्याचा एक कोपरा कात्रीनं कापून ठेवतो. कापलेला कोपरा वर उजवीकडे दिसला, की रुंद तोंड आपल्याकडे.

काल मी स्टुलावर चढून पाहिलं. आमच्या भिंतीचा वरचा उजवा कोपरा कापलेला आहे. काप नाडगौडाचाच. तो डावखुरा आहे, त्याचा काप मी झोपेतही ओळखीन.

मी त्याला जिन्यात गाठलं. "भिंत उलटी कर."

"अरे, भिंत कशी उलटी करणार?" त्याच्या भुवयांवर मीठ साचलं होतं. "रेवू कशी आहे?"

माझ्या मुलीची चौकशी याला कशाला हवी? माझं टाळकंच सरकलं.

घरी रेवू खाटेवर निपचित पडली होती. माझ्या बायकोनं, वृंदानं, तिच्या गालावरून फिरवलेलं बोट जिभेला लावलं.

"हिच्या डोळ्यांतलं पाणी गोडं झालंय," ती म्हणाली. "हिला भिंतीपासून लांब घ्या."

मी खाट ओढली. भिंत मागोमाग आली. पुन्हा ओढली, ती पुन्हा आली. खोली बोळाएवढी उरली तेव्हा मी दार उघडलं. दारापलीकडेही तीच भिंत होती, कोपरा कापलेली.

"अहो, तिचा हात बघा!" वृंदा ओरडली.

रेवूचा हात मनगटापर्यंत भिंतीत गेला होता. मी तिला कमरेला धरून जीव खाऊन ओढलं. ती इंचभरही मागे आली नाही. येणार नव्हतीच, छिद्राचा आकार मीच काढलाय. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. खांदा गेला, वेणी गेली, मग माझ्या हातात नुसती चादर राहिली.

पलीकडून रेवूचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत.

"बाबा!"

मी तोंड उघडलं.

"आलो गं, राणी," नाडगौडा म्हणाला.